धावपट्टी नसलेला जिल्हा

नंदुरबार जिल्ह्यात विमान उतरत नाही. उतरतं ते हेलिकॉप्टर, तेही बहुधा निवडणुकीच्या हंगामात. दोन दिवस आधी गावाबाहेरच्या पडीक रानात जेसीबी येतो, बाभळीची झुडपं उपटतो. मग रोलर फिरतो. सकाळी टँकर येऊन पाणी मारून जातो, कारण पंख्याच्या वाऱ्याने उडणारा खानदेशी फुफाटा एकदा डोळ्यांत गेला की स्वागताला उभ्या असलेल्यांचे फेटे आणि हार दोन्ही कामातून जातात. मधोमध चुन्याचं वर्तुळ, त्यात इंग्रजी एच. एका कडेला बांबूला बांधलेलं फडकं, वारा कुठून येतोय ते वरून दिसावं म्हणून. दुसऱ्या कडेला नगरपालिकेचा बंब. पोरं लिंबाच्या झाडांवर, पोलीस दोरीच्या अलीकडे. नेते येतात, बोलतात, जातात. दुसऱ्या दिवशी त्याच सपाट जागेवर क्रिकेट सुरू होतं, आणि पहिल्या पावसात तो एचसुद्धा वाहून जातो.

इंदिरा गांधींच्या काळापासून नंदुरबारला अशा सभांची सवय आहे. २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या हस्ते देशातल्या पहिल्या आधार क्रमांकांचं वाटप झालं. अख्ख्या देशाची ओळखपत्रं जिथून सुरू झाली त्या जिल्ह्याला स्वतःची धावपट्टी मात्र नाही. ती का नाही, असावी का, आणि असली तर तिचं पुढे काय होईल, याची उत्तरं नंदुरबारात बसून मिळत नाहीत. त्यासाठी शेजाऱ्यांच्या अंगणात डोकावावं लागतं.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर भूगोलापेक्षा सरकारी दप्तरात जास्त आहे. महाराष्ट्रात सार्वजनिक बांधकाम खात्याने जिल्ह्याच्या ठिकाणी छोट्या धावपट्ट्या बांधल्या, त्यातल्या खानदेशातल्या दोन सत्तरच्या दशकातल्या. जळगावची १९७३ची, धुळ्याजवळ गोंदूरची त्याच सुमाराची. प्रवासी वाहतूक हा त्यामागचा हेतू फारसा नव्हताच. मंत्री, सचिव, कधी दुष्काळाच्या पाहणीला आलेलं पथक, एवढ्यांचं छोटं विमान उतरलं की झालं. त्या वेळी नंदुरबार हा धुळे जिल्ह्यातला एक तालुका होता, आणि तालुक्याला धावपट्टी मिळत नसे. नंदुरबार स्वतंत्र जिल्हा झाला १ जुलै १९९८ रोजी. तोवर बांधकाम खात्याचे ते दिवस सरले होते. नव्या जिल्ह्याला कलेक्टर कचेरी मिळाली, जिल्हा परिषद मिळाली, पट्टी तेवढी जुन्या जिल्ह्याच्या वाट्याला राहिली. भावाभावांच्या वाटणीत विहीर एकाकडे जाते, तसं.

त्या गोंदूरच्या पट्टीवर प्रवासी विमान येत नाही, तरी ती ओस नाही. तिथे बॉम्बे फ्लाइंग क्लबची विमानं उडतात. हा क्लब १९२८चा, मुंबईत जुहूला जन्मलेला. जे. आर. डी. टाटा तिथेच विमान चालवायला शिकले आणि फेब्रुवारी १९२९ मध्ये भारतात दिलेला पहिला वैमानिक परवाना त्यांना मिळाला. पुढे मुंबईचं आकाश इतकं गजबजलं की शिकाऊ पोरांना तिथे घिरट्या घालायला जागाच उरली नाही, आणि क्लबने उड्डाणाचं शिक्षण धुळ्याला हलवलं. मुंबईत जे नाही तेच नेमकं धुळ्यात मुबलक आहे: मोकळं आकाश, वर्षातले आठ-नऊ महिने कोरडी हवा, आणि डोक्यावरून कुणी न जाणं.

शिकाऊ विमानाचा दिनक्रम पाहण्यासारखा असतो. उडायचं, डावीकडे वळायचं, पट्टीला समांतर जायचं, पुन्हा दोनदा वळायचं आणि उतरायचं. चाकं टेकली की न थांबता पुन्हा उडायचं. घाण्याच्या बैलासारखं हे चक्र दिवसभर चालतं. व्यावसायिक परवान्यासाठी भारतात २०० तासांचं उड्डाण लागतं, आणि त्यातले कितीतरी तास असे एकाच पट्टीभोवती जातात. पट्टीच्या टोकाला पांढऱ्या रंगात मोठे आकडे असतात, ते म्हणजे दिशा. होकायंत्रातले अंश घ्यायचे आणि शेवटचं शून्य सोडायचं. पट्टी पूर्व-पश्चिम असेल तर एका टोकाला ०९, म्हणजे ९० अंश, आणि दुसऱ्या टोकाला २७. वारा ज्या बाजूने येतो तिकडे तोंड करून उतरायचं आणि उडायचंही, कारण समोरचा वारा पंखांना फुकटचा आधार देतो. कडेला कापडाची नळीसारखी झोळी टांगलेली असते. ती फुगून आडवी झाली की वारा जोरात, लोंबकळली की पडलेला. आमच्या निवडणुकीच्या हेलिपॅडवरचं बांबूचं फडकं हे तिचंच गरीब भावंड.

धुळे जिल्ह्यातच शिरपूरजवळ तांडे गावाला आणखी एक पट्टी आहे, खासगी. मुंबईच्या एसव्हीकेएम या शिक्षणसंस्थेची वैमानिक अकादमी तिथे आहे. म्हणजे एका जिल्ह्यात दोन धावपट्ट्या, दोन्हीकडे रोज विमानं, आणि तिकीट काढून बसायची सोय एकीकडेही नाही. धुळ्यातून वैमानिक उडतात, प्रवासी नाही.

१६ जुलै २०२१ रोजी या अकादमीचं एक शिकाऊ विमान जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्यात, वर्डी गावाच्या वर सातपुड्याच्या डोंगरात कोसळलं. प्रशिक्षक जागीच गेले. शिकाऊ वैमानिक तरुणी जबर जखमी होऊन अडकली होती. पावसाळी डोंगर, रस्ता नाही. आधी पोहोचले ते जवळपासचे आदिवासी. तिला खाली न्यायला काही नव्हतं, तेव्हा एका आदिवासी बाईने अंगावरचं लुगडं सोडून दिलं, त्याची झोळी झाली आणि पोरांनी ती खांद्यावरून उतरवली. ही बातमी त्या वेळी राज्यभर गाजली. सातपुड्यात मात्र झोळीचं कुणाला नवल वाटलं नाही. नंदुरबारच्या धडगाव आणि अक्कलकुवा तालुक्यांतल्या पाड्यांवरून बाळंतीण किंवा सर्पदंशाचा रोगी याच झोळीतून, बांबूच्या दांडीला बांधून, डांबरी रस्त्यापर्यंत येतो. नवल असलंच तर एवढंच की त्या दिवशी झोळीत आकाशातून पडलेलं माणूस होतं. या झोळीकडे शेवटी परत यायचं आहे.

आधी जळगाव. छोट्या विमानतळाचं आयुष्य कसं असतं हे समजून घ्यायला महाराष्ट्रात जळगावसारखं उदाहरण नाही. १९७३च्या जुन्या पट्टीचा कायापालट करायचं ठरलं ते २००९ साली. जळगावच्या लेक प्रतिभाताई पाटील तेव्हा राष्ट्रपती होत्या. जून २०१० मध्ये त्यांच्या हस्ते कोनशिला बसली, मार्च २०१२ मध्ये उद्घाटन झालं. सुमारे १,७०० मीटरची धावपट्टी, नवी इमारत, सगळं चकचकीत. अजिंठ्याची लेणी तासा-सव्वातासावर, सोन्याचा बाजार, केळी, डाळ, ठिबक सिंचनाचे कारखाने. कागदावर काय कमी होतं? कमी होतं ते विमान. उद्घाटनानंतर पहिलं नियमित प्रवासी विमान यायला २३ डिसेंबर २०१७ उजाडलं. पावणेसहा वर्षं एक अख्खा विमानतळ पाहुण्याची वाट पाहत दार उघडून बसला होता.

पाहुणा आला तो 'उडान' योजनेमुळे. केंद्राने २०१६ साली आणलेल्या या योजनेचं गणित साधं आहे. विमानातल्या काही जागांचं भाडं बांधून द्यायचं, सुरुवातीला तासाभराच्या प्रवासाला अडीच हजार रुपये, आणि कंपनीला येणारी तूट तीन वर्षं सरकारने भरून द्यायची. त्यातला वीस टक्के वाटा राज्याचा. त्या मार्गावर तीन वर्षं दुसऱ्या कंपनीला येऊ द्यायचं नाही. तीन वर्षांत लोकांना सवय लागेल, मग मार्ग आपल्या पायावर उभा राहील, अशी कल्पना. एप्रिल २०१७ मध्ये योजनेची पहिली विमानं उडाली, त्यांत आपलं नांदेड–हैदराबादही होतं.

जळगावला पहिली आली एअर डेक्कन, अठरा-एकोणीस आसनांचं विमान घेऊन. ती सेवा काही महिन्यांतच अडखळली आणि थांबली. सप्टेंबर २०१९ मध्ये ट्रूजेट आली, सत्तरेक आसनांचं एटीआर घेऊन. यावेळी बस्तान बसतंय असं वाटत होतं, तोच मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि देशातली सगळी प्रवासी विमानं दोन महिने जमिनीवर बसली. ट्रूजेट त्यानंतर सावरली नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये कंपनीच थांबली. पुन्हा दोन वर्षं शुकशुकाट. एप्रिल २०२४ मध्ये गोव्याच्या फ्लाय९१ने जळगावला गोव्यातल्या मोपा विमानतळाशी आणि हैदराबादशी जोडलं, मग पुण्याशी. मुंबईसाठी अलायन्स एअर आली.

असं सुरू-बंद का होतं? लोकांचा पहिला संशय धावपट्टीवर जातो: पट्टी लांब करा, मोठी विमानं येतील. यात तथ्य आहे, पण थोडंच. उन्हाळ्यात जळगावचा पारा ४३-४४ अंशांवर जातो, तापलेली हवा विरळ होते, पंखांना आधार कमी मिळतो आणि उडायला जास्त लांबी लागते. म्हणून १,७०० मीटरची पट्टी मे महिन्याच्या दुपारी वैमानिकाला जानेवारीपेक्षा आखूड भासते. एटीआरला ती तरीही पुरते. खरा अडसर दुसऱ्या टोकाला आहे, मुंबईला. तिथल्या विमानतळावर उतरण्याची वेळ मिळवणं म्हणजे सकाळी साडेआठला दादर स्टेशनवर बाकडं मिळवण्यासारखं. सकाळ-संध्याकाळच्या वेळा दिल्ली-बंगळूरच्या मोठ्या विमानांनी धरलेल्या. सत्तर आसनांच्या छोट्याला उरते भर दुपार. आणि दुपारचं विमान जळगावच्या व्यापाऱ्याच्या काय कामाचं? तो रात्री जेवून रेल्वेच्या बर्थवर आडवा होतो, सकाळी मुंबईत उतरतो, दिवसभर काम उरकून रात्री परत फिरतो. छोट्या विमानतळाचा प्रतिस्पर्धी दुसरा विमानतळ नसतोच. तो असतो स्लीपरचा बर्थ. बर्थचं आणखी एक बलस्थान म्हणजे तो रोज असतो. आठवड्यातून तीनदा येणारं आणि चौथ्यांदा रद्द होणारं विमान हे कितीही स्वस्त असलं तरी लग्नाला किंवा कोर्टाच्या तारखेला जाणारा माणूस त्यावर विसंबत नाही. तो विसंबत नाही म्हणून आसनं रिकामी राहतात, आणि आसनं रिकामी म्हणून विमान रद्द होतं.

हे जळगावचंच दुखणं नाही. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी, म्हणजे कॅगने, २०२३ साली संसदेत मांडलेल्या अहवालात उडानच्या पहिल्या तीन फेऱ्यांचा हिशेब दिला. ७७४ मार्ग दिले गेले, त्यांतले ४०३ सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ पैकी तीन वर्षं पुरी केली ११२ मार्गांनी. आणि अनुदान संपल्यावरही मार्च २०२३ला चालू होते ते फक्त ५४. ज्यांना दर पाच वर्षांनी 'आमच्या जिल्ह्यात विमानतळ' अशी घोषणा द्यावीशी वाटते, त्यांनी हा ५४चा आकडा भाषणाच्या कागदावर वर लिहून ठेवावा.

आता नंदुरबारच्या माणसाकडे वळू. त्याला विमानाने जायचंच असेल तर तो आज काय करतो? तो सुरतेला जातो. तापी खोऱ्यातली सुरत–अमळनेर रेल्वे १९०० सालच्या आसपास झाली, तेव्हापासून नंदुरबारचं तोंड मुंबईपेक्षा सुरतेकडे आहे. कपडा सुरतेचा, दवाखाना सुरतेचा, अर्धे सोयरे तिकडचे, आणि गावबोलीतही गुजरातीचे शब्द. २०१८ मध्ये या मार्गाचं दुहेरीकरण पुरं झालं. रेल्वेने सुरत सुमारे १६० किलोमीटर. तिथल्या विमानतळाची नवी इमारत डिसेंबर २०२३ मध्ये खुली झाली आणि त्याला आंतरराष्ट्रीय दर्जाही मिळाला. सुरतेलाही हे दिवस सहज आलेले नाहीत. तिथेही विमानं आली आणि गेली. नोव्हेंबर २०१४ मध्ये तर उड्डाणाला धावणाऱ्या विमानाला पट्टीवर शिरलेली म्हैस धडकली आणि ती कंपनी काही काळ सुरतेकडे फिरकलीच नाही. पण सुरतेमागे हिरे होते, कापड होतं, पन्नास-साठ लाखांचं शहर होतं. म्हैस परवडली.

नंदुरबारमागे काय आहे? २०११च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या आत, त्यात आदिवासी ६९ टक्के. दिवाळीनंतर हजारो कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात, ट्रकमध्ये बसून, भांडीकुंडी आणि कोंबड्यांसह. त्यांच्यासाठी अडीच हजारांचं तिकीट ही स्वस्ताई नाही. जिल्ह्याचा लौकिक लाल मिरचीचा. हिवाळ्यात शहराभोवतीच्या पथाऱ्यांवर मिरची वाळत पडते तेव्हा एकरच्या एकर रान लाल होतं, विमानातून ते दृश्य काय दिसत असेल! पण वाळलेल्या मिरचीला घाई नसते. ती ट्रकने निवांत जाते. शहाद्याची पपई नाजूक, तिला घाई असते. पण ज्या भावाने पपई बागेतून उचलली जाते त्या भावात विमानाचं भाडं बसत नाही.

आणि जमीन? पट्टीसाठी सपाट रान हवं, ते फक्त तापीकाठी. तिथे काळी कसदार माती, ऊस, केळी, पपई. बांधकामवाल्यांना हीच माती नको असते, कारण ती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते. तिच्यावर पट्टी टाकायची तर खोल खणून मुरूम भरावा लागतो. उत्तरेला सातपुडा, तिथे सपाटीच नाही. शिवाय या जिल्ह्यातल्या ३३ गावांनी सरदार सरोवरासाठी एकदा पाण्याखाली जाऊन पाहिलं आहे. पुनर्वसनाच्या जमिनींसाठी लोक वर्षानुवर्षं भांडले. त्यांच्या शेजारी जाऊन 'विकासासाठी आणखी थोडी जमीन' असं म्हणायला जीभ जड व्हायला हवी.

माझं मत विचाराल तर नंदुरबारला प्रवासी विमानतळ नको. निदान पुढची वीस वर्षं नको. जळगावची पट्टी बांधलेली आहे, धुळ्याची बांधलेली आहे, सुरत जवळ आहे, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबईचा विमानतळ उद्घाटित झाल्याने मुंबईतली वेळांची कोंडी कदाचित सैल होईल. त्याचा फायदा आधी जळगावला होऊ द्यावा. मात्र आकाशावर नंदुरबारचा हक्क नाही असं मी म्हणत नाही. उलट, या राज्यात डोंगरात अडकलेल्या माणसाला आकाशाची जितकी गरज आहे तितकी पुण्यातल्या माणसाला नाही.

याच सरदार सरोवर धरणाजवळ, गुजरातेत केवडियाला, ३१ ऑक्टोबर २०२० रोजी साबरमतीहून पाण्यावर उतरणारं विमान सुरू झालं. पर्यटकांसाठी. एप्रिल २०२१ मध्ये ते बंद पडलं. त्याच धरणाच्या फुगवट्याच्या आमच्या काठावर तरंगता दवाखाना चालतो. बोटीतून डॉक्टर आणि परिचारिका पाड्यापाड्यांना जातात, ताप बघतात, लस टोचतात. एकाच धरणाच्या पाण्यावर दोन वाहनं आली; ज्याची गरज होती ते टिकलं.

हवेतून औषध नेण्याचा प्रयोगही महाराष्ट्रात झाला आहे. डिसेंबर २०२१ मध्ये पालघर जिल्ह्यात जव्हारहून झाप या दुर्गम गावी ड्रोनने ३०० लशी पोहोचवल्या, दहा मिनिटांच्या आत. आणि माणूस नेण्याचं म्हणाल तर ऑक्टोबर २०२४ मध्ये ऋषिकेशच्या एम्समध्ये रुग्णांसाठी हेलिकॉप्टर तैनात झालं, गढवालच्या डोंगरांसाठी. सातपुडा हिमालयाएवढा उंच नाही, पण बाळंतिणीला दरी तेवढीच खोल असते. धडगाव ते नंदुरबार हवाई रेषेत पन्नास किलोमीटर. घाटातून गाडीला दोन-अडीच तास लागतात, आणि पाड्यावरून गाडीपर्यंतची झोळी त्यात धरलेली नाही. हेलिकॉप्टरला पंधरा-वीस मिनिटं पुरतात. त्याला १,७०० मीटर नकोत. एका मोठ्या खळ्याएवढी पक्की जागा, कडेने दिवे, वाऱ्याची झोळी, एक बंब आणि जागेची राखण करणारा एक माणूस, एवढं असलं की रात्रीही उतरता येतं. ती काही कुणाच्या पपईच्या बागेत बांधावी लागत नाही. ग्रामीण रुग्णालयाच्या आवारात मावते.

पैशाचंही नाव घेऊ. २०२५च्या केंद्रीय अर्थसंकल्पात उडानचा नवा अवतार जाहीर झाला: १२० नवी ठिकाणं, दहा वर्षांत चार कोटी प्रवासी. त्यातच डोंगराळ आणि आकांक्षित जिल्ह्यांतल्या हेलिपॅडना मदत देण्याचं कलम आहे. देशातल्या ११२ आकांक्षित जिल्ह्यांत महाराष्ट्राचे चार: गडचिरोली, वाशिम, धाराशिव (पूर्वीचं उस्मानाबाद) आणि नंदुरबार. डोंगराळ आणि आकांक्षित, या दोन्ही अटी आमचा जिल्हा पुऱ्या करतो.

म्हणून पुढच्या निवडणुकीत उमेदवार हेलिकॉप्टरमधून उतरतील, तेव्हा त्यांच्याकडे विमानतळ मागू नका. ज्या चुन्याच्या वर्तुळात ते उतरले तेच सिमेंटचं करून धडगावला, मोलगीला आणि तोरणमाळला द्या, असं म्हणा. आणि भोवतीने दिवे लावायला सांगा, कारण बाळंतपणं बहुतेक रात्रीच अडतात.